जग

फिसो सातव्यांदा शिंकली
तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते
आणि कुताइसीत वीज नव्हती.

आमच्याकडे शिंकणाऱ्याला म्हणतात, जग.
एकच शब्द, तोही आज्ञार्थी.
मी सातही वेळा म्हटलं.
भिंतीपलीकडून गुलिको ओरडली,
ओतारी, कुणाला जगवतोयस एवढ्या रात्री?

मेणबत्ती जवळ नेली.
डावा डोळा चिपडाने पार चिकटलेला,
उजव्यातून पाणी,
नाकाच्या कडेने तपकिरी ओघळ, वाळलेल्या चहासारखा.
आणि कोपऱ्यातून वर सरकलेला तो पांढुरका पडदा,
मांजरांना असते म्हणे तिसरी पापणी,
अर्ध्यावर अडकलेल्या वायपरसारखी.
वायपर मला कळतात.
तेवीस वर्षं ट्रकच्या पुढच्या काचा बसवल्या,
कारखाना बसला तोवर.

डॉक्टर नेस्तानचा दवाखाना बाजारामागे,
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा
टांगलेल्या असतात त्या गल्लीत.
तिने विचारलं, घरात काही बदललं?
नवं सामान? दुसरं जनावर? कुणी आलं?
मी म्हटलं, आलं कुणी नाही.
तिचं पेन थांबलं.
मग म्हटलं, लामारा बारीला गेली. इटलीत.
एका म्हातारीला सांभाळायला.
सव्वीस दिवस झाले.

नेस्तान म्हणाली, हिला हे पिल्लू असतानाच झालं असणार.
बरं होतं, पण जात नाही.
नसांमध्ये दबा धरून बसतं वर्षानुवर्षं
आणि घरात काही हललं की वर येतं.
म्हटलं, म्हणजे माशी शिंकली ती तिथे.
ती हसली नाही.
मलम लिहून दिलं. अठरा लारी.

आता दिवसातून तीनदा
पाणी उकळून कोमट करतो.
एका डोळ्याला एक बोळा, दुसऱ्याला दुसरा,
नाकाकडून बाहेर, एकाच दिशेने.
खपली ओढायची नाही, भिजू द्यायची.
हे जमतं. काच पुसल्यासारखंच आहे.
जमत नाही ते टॉवेलात गुंडाळणं.
लामारा तिला दुपट्यातल्या बाळासारखी घ्यायची
आणि फिसो तिच्या काखेत नाक खुपसून गप्प.
माझ्या मनगटावर सहा ओरखडे.

नाक चोंदलं की मांजराला अन्न दिसतं,
पण ते अन्न वाटत नाही.
म्हणून मासा गरम करतो, वास सुटेस्तोवर.
जिन्यापर्यंत वास. ती तोंड फिरवते.
मी तिच्यासमोर जमिनीवर बसून
माझ्या ताटातले दोन घास खाऊन दाखवतो.
उभ्या उभ्या जेवायची सवय लागली होती,
तेवढी मोडली.

रविवारी लामाराचा फोन.
तिच्यामागे परक्या घराची पिवळी फरशी,
आतून कुणीतरी हाक मारतंय, तिचं नाव चुकवून.
ती म्हणते, डोळे का लाल तुझे?
मी म्हणतो, माझे नाहीत, फिसोचे बघ,
आणि फोन खाली मांजरापुढे धरतो.
बराच वेळ धरतो.
फिसो काच हुंगते. चोंदलेल्या नाकाने, त्यात काचेला.
तिच्या लेखी त्यात कुणीच नाही.

मग लामारा शिंकते.
तिकडे, एकदाच, खणखणीत,
आमच्या स्वयंपाकघरात मिरची भाजताना शिंकायची तशी.
फिसोचे दोन्ही कान उभे.
ती फोनच्या मागे जाऊन बघते.

जग, मी म्हणतो.
दोघींपैकी कुणाला, ते लामाराने विचारलं नाही.

काल रात्री डावा डोळा फटीएवढा उघडला.
आत हिरवं काहीतरी, ओलं,
माझ्याकडे संशयाने बघणारं.
मलमाची ट्यूब खालून दुमडत आणली,
शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून.
लामारा टूथपेस्ट दुमडते तशी.
यावरून आम्ही एकदा आठवडाभर बोललो नव्हतो.